वऱ्हाडचा कारभार कोणाकडे? वेगळ्या विदर्भाच्या प्रश्नाचा वाशीमहून आढावा

हिंगोलीत दर वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या वाशीमला तो दिवस इतर दिवसांसारखाच उगवतो आणि मावळतो. मध्ये काय ती पैनगंगा. तरीही १९४८ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात या दोन्ही गावांचा राजा एकच होता. हिंगोलीवर निजामाचे राज्य होते आणि कारभारही त्याचाच. वाशीमवर सार्वभौमत्व निजामाचे, पण पट्टी वसूल करणारा, कोर्ट चालवणारा आणि रस्ते बांधणारा इंग्रज. त्यामुळे एका गावाला मुक्तीचा दिवस आहे आणि दुसऱ्याला नाही.

वेगळ्या विदर्भावरची चर्चा आपल्याकडे बहुधा १९५३ च्या नागपूर करारापासून सुरू होते आणि मंत्रालयातल्या निधिवाटपावर येऊन थांबते. हा आढावा आणखी शंभर वर्षे मागून सुरू केला आहे, कारण तसे केले की एक गोष्ट ठळक दिसते. या मुलखाला कोणी पुरते नाकारलेही नाही आणि पुरते मानलेही नाही. प्रत्येक राजवटीने थोडी मान्यता दिली आणि कारभाराच्या किल्ल्या स्वतःकडे ठेवल्या.

जगात अर्ध्या मान्यतेची राज्ये आहेत. कोसोव्होने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले. अनेक देशांनी ते मानले, भारताने मानलेले नाही. विदर्भाचा प्रश्न त्या जातीचा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. इथे देशाबाहेर जाण्याची भाषा कोणी केलेली नाही. प्रश्न भारतीय संघराज्याच्या आतला आहे आणि राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाखाली संसद साध्या बहुमताने तो सोडवू शकते. सोडवणे इतके सोपे असूनही तो इतकी वर्षे का रेंगाळला, हेच खरे पाहण्यासारखे आहे.

भाडेपट्ट्याचा प्रांत

२१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, म्हणजे आजच्या विदर्भाचा पश्चिम भाग, ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. कारण पैशाचे होते. ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही फौज नावाला निजामाची, हुकमाला इंग्रजांची. तिची एक छावणी हिंगोलीतच होती. तिचा खर्च थकत गेला आणि कर्जापोटी मुलूख गहाण पडावा तसे झाले. १८५७ नंतर, १८६० च्या तहात, रायचूर दोआब आणि धाराशिव निजामाला परत मिळाले, कर्जही माफ झाले. कापसाचे वऱ्हाड मात्र ‘विश्वस्त’ या नात्याने इंग्रजांकडेच राहिले. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी ते परत मिळवण्यासाठी पुष्कळ खटपट केली, इंग्लंडपर्यंत जाऊन आले. हाती काही लागले नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खानांकडून कायमचा पट्टा लिहून घेतला. वर्षाला २५ लाख रुपये भाडे, सार्वभौमत्व निजामाचे आणि कारभार सरकारचा. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले.

वाशीमची गोष्ट या फेरफारात हरवून गेली. वाशीम तोवर वऱ्हाडातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक जिल्हा होता. १९०५ मध्ये सहाचे चार जिल्हे झाले तेव्हा तो मोडला. वाशीम आणि मंगरूळ तालुके अकोल्याला गेले, पुसद आजच्या यवतमाळ जिल्ह्यात. जिल्हा परत मिळायला १ जुलै १९९८ उजाडावे लागले, तोही पुसदविना. ज्या गावात वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी होती, त्याने विसाव्या शतकाची त्र्याण्णव वर्षे तालुक्याचे ठिकाण म्हणून काढली.

पट्ट्याच्या कारभारातले कायदेशीर कसब आज वाचताना गंमत वाटते. वऱ्हाड ‘ब्रिटिश इंडिया’त मोडत नव्हते, त्यामुळे तिथले कायदे आपोआप लागू होत नसत, ते वेगळ्या अधिसूचनेने लावावे लागत. मध्य प्रांताच्या विधिमंडळासाठी वऱ्हाडचे मतदार मतदान करीत, उमेदवार निवडून येत. पण परकीय मुलखातला माणूस निवडून कसा येईल, म्हणून त्याची ‘नियुक्ती’ झाल्याचे दाखवले जाई. मत खरे आणि निवड मात्र सरकारी मेहरबानीची.

पुढचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये पुन्हा मागणी लावून धरली आणि वऱ्हाड परत मिळाल्यास तिथल्या लोकांना स्वराज्याचे अधिकार देण्याची तयारीही दाखवली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने मार्च १९२६ मध्ये दिलेले उत्तर संस्थानांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ, कोणत्याही संस्थानिकाने तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू नये, असा त्याचा आशय. म्हणजे संस्थानांवरच्या अधिसत्तेचा सर्वांत स्पष्ट उच्चार झाला तो वऱ्हाडवरून. दहा वर्षांनी, १९३६ च्या करारात, निजामाचे मन राखले गेले. प्रांताच्या नावात ‘आणि वऱ्हाड’ पक्के झाले आणि निजामाचे थोरले चिरंजीव आझम जाह ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाले. कारभार होता तिथेच, नागपुरात राहिला.

या काळातली वऱ्हाडी पुढाऱ्यांची तक्रार ऐकण्यासारखी आहे. कापसाच्या पट्ट्यातून वसूल होणारा पैसा मध्य प्रांताच्या गरीब हिंदी जिल्ह्यांवर खर्च होतो, असे त्यांचे म्हणणे. त्यातून वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांच्यात खर्च वाटण्याचे सूत्र ठरवावे लागले; सिम समितीचे सूत्र म्हणून ते ओळखले जाई. ‘आमचा पैसा, तुमचा खर्च’ ही तक्रार मुंबईच्या विरोधात जन्मली नाही. ती त्याआधी नागपूर-जबलपूरच्या विरोधात होती.

दोन करार, एक ठराव

१ ऑक्टोबर १९३८ रोजी नागपूरच्या विधानसभेने वेगळ्या महाविदर्भ प्रांताचा ठराव मंजूर केला. तो मांडणारे होते बॅरिस्टर रामराव देशमुख. मराठी भाषकांचा स्वतंत्र पूर्वेकडचा प्रांत हवा, असे लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने म्हटल्याचा हा एकमेव प्रसंग. महाराष्ट्र विधानसभेने तसा ठराव कधी केलेला नाही.

पुढची नऊ वर्षे देशाचीच गणिते बदलली. इंग्रज जाणार हे ठरले तसा वऱ्हाडपुढे एक विचित्र धोका उभा राहिला: अधिसत्ता संपली की पट्टाही संपेल आणि निजाम आपला मुलूख मागेल. या सावटाखाली ८ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, अकोला करार झाला. एका बाजूला शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ. दुसऱ्या बाजूला ब्रिजलाल बियाणी, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर अशी वऱ्हाडची मंडळी. संयुक्त महाराष्ट्राचा एक प्रांत, त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत, दोघांना आपापले विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ, असा तो आराखडा होता. आज तो वाचताना वाटते की यापेक्षा नेमका तोडगा नंतर कोणी सुचवला नाही. पण त्याला घटनेत जागा मिळाली नाही आणि तो कागदावरच राहिला.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामाचा प्रश्न निकालात निघाला. दार आयोग आणि पाठोपाठची नेहरू, पटेल, पट्टाभी यांची समिती भाषावार प्रांतांबाबत सावध राहिली. विदर्भातून लोकनायक बापूजी अणे आणि बियाणी वेगळ्या राज्याची बाजू मांडत राहिले. अणे यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे, बियाणी अकोल्याचे. म्हणजे या मागणीचे दोन मोठे चेहरे वऱ्हाडी होते, नागपुरी नव्हते. पुढे हे चित्र पालटले.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला महाराष्ट्रात येण्याच्या अटी मिळाल्या. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, खेडकर आदींच्या त्यावर सह्या आहेत, आणि रामराव देशमुखांचीही. पंधरा वर्षांपूर्वी वेगळ्या प्रांताचा ठराव मांडणारा माणूस आता एकीकरणाच्या कागदावर सही करीत होता. हे मतपरिवर्तन होते की मनाची समजूत, यावर अजून वाद चालतो. करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च आणि नोकऱ्या, नागपुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ, तांत्रिक शिक्षणाच्या सोयी आणि दर वर्षी ठरावीक काळ सरकारने नागपुरात मुक्काम करून निदान एक अधिवेशन तिथे घेणे, असे मुद्दे होते. तो राजकीय करार होता. कोर्टात दाखवण्याचा दस्तऐवज नव्हता.

फाजल अलींची शिफारस आणि संसदेचा निर्णय

राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल दिला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर या तिघांनी नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा या आठ जिल्ह्यांचे, सुमारे ७६ लाख वस्तीचे वेगळे विदर्भ राज्य करावे असे सुचवले. हा मुलूख स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो आणि मोठ्या महाराष्ट्रात आपली साधने इतरत्र जातील ही त्याची भीती निराधार नाही, असा आयोगाचा विचार होता. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनीही भाषावार राज्यांवरच्या आपल्या पुस्तिकेत मराठी मुलखाचे चार भाग सुचवले, त्यात पूर्वेचा भाग वेगळा होता. एका भाषेचे एकच राज्य असलेच पाहिजे हे त्यांना मान्य नव्हते.

पण विदर्भ वगळून आणि गुजरात जोडून उरलेल्या मुंबई राज्याची शिफारस पश्चिम महाराष्ट्राला रुचली नाही. मुंबईसाठी आंदोलन पेटले, रक्त सांडले. १९५६ मध्ये संसदेने विदर्भ, मराठवाडा, गुजरात सगळे एकत्र करून द्वैभाषिक मुंबई राज्य केले. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरचे राजधानीपद गेले. चार वर्षांनी, १ मे १९६० ला, महाराष्ट्र झाला.

या निर्णयाला न्यायालयात आव्हान देणारा खटला विदर्भातूनच गेला, हे फारसे कोणी आठवत नाही. बाबूलाल पराते यांचा मुद्दा असा होता: राज्यांकडे मतासाठी पाठवलेले विधेयक एक होते, संसदेने केलेला कायदा दुसराच झाला, मग पुन्हा मत का घेतले नाही? सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये तो फेटाळला. राज्याचे मत मागवणे बंधनकारक, ते मानणे नाही, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा विचारण्याची गरज नाही, हा निकाल आजही प्रमाण आहे. २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विधेयक नाकारूनही तेलंगण झाले ते याच वाटेने. विदर्भाला हरवणारा निकाल विदर्भवाद्यांचा सर्वांत भक्कम आधार आहे, असा हा उलटा योग.

रस्त्यावर आणि मतपेटीत

आंदोलनाचा इतिहास थोडक्यात. १९६२ मध्ये बापूजी अणे नागपुरातून लोकसभेवर गेले. १९६७ मध्ये कृषी विद्यापीठ राहुरीला की अकोल्याला, या वादात वऱ्हाड पेटले, गोळीबारात माणसे गेली. दोन वर्षांनी अकोल्याला विद्यापीठ झाले आणि आंदोलनातून जांबुवंतराव धोटे हे नाव मोठे झाले. १९७१ मध्ये तेही नागपुरातून लोकसभेत पोहोचले. पुढे धोटे इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि मागणीची धग ओसरली. नंतर वसंत साठे, एन. के. पी. साळवे यांनी आवाज दिला, शेतकरी संघटनेने तो गावागावांत नेला, वामनराव चटपांनी तो धरून ठेवला. भाजपने १९९७ मध्ये भुवनेश्वरला ठराव केला. पण २००० साली छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड झाले तेव्हा शिवसेनेच्या मैत्रीमुळे विदर्भ मागे राहिला. २०१६ मध्ये बापूजींचे नातू श्रीहरी अणे यांना याच विषयावरच्या वक्तव्यांमुळे महाधिवक्तापद सोडावे लागले.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. स्वतंत्र विदर्भ हा एकमेव कार्यक्रम घेऊन उभ्या राहिलेल्या पक्षांना मतदारांनी विधानसभेत गंभीर संख्येने कधी पाठवले नाही. बिगरसरकारी जनमत चाचण्यांत मोठे बहुमत दिसते, मतपेटीत दिसत नाही. विदर्भवादी म्हणतात, लोक आमदार निवडताना नळ, रस्ता, पीकविमा आणि जात बघतात, राज्याचा नकाशा नाही. विरोधक म्हणतात, नकाशा महत्त्वाचा वाटला असता तर तोही बघितला असता. सरकारी जनमत कधी घेतलेलेच नसल्याने दोघांनाही खोटे पाडता येत नाही.

अनुशेषाचे गणित

या प्रश्नाचे सर्वांत कसून झालेले काम आकडेवारीचे आहे, आणि सर्वांत कमी वाचले जाणारेही तेच.

राज्यघटनेत १९५६ सालीच कलम ३७१(२) आले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळे, निधीचे न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांतल्या संधी यांची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतात, अशी ही तरतूद. नागपूर कराराचा आत्मा तिच्यात आहे. पण ती अडतीस वर्षे पडून राहिली. विधिमंडळाने १९८४ मध्ये ठराव केला, राष्ट्रपतींचा आदेश निघाला ९ मार्च १९९४ ला, मंडळे १ मेपासून सुरू झाली.

दरम्यान वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये पहिला शास्त्रीय हिशेब मांडला. पद्धत सोपी होती. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने अशा प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा तिच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला लागणारा खर्च म्हणजे अनुशेष. एकूण आकडा आला ३१८६.७८ कोटी, त्यात विदर्भाचे १२४६.५५ कोटी, म्हणजे ३९.१२ टक्के. उर्वरित महाराष्ट्राचाही वाटा ३७ टक्क्यांवर होता, कारण जिल्हा हे एकक धरल्याने कोकणातल्या आणि दुष्काळी पट्ट्यातल्या उणिवाही मोजल्या गेल्या. ‘अनुशेष म्हणजे विदर्भ’ हे समीकरण दांडेकरांनी कधीच मांडले नव्हते.

निर्देशांक आणि अनुशेष समितीने १९९७ मध्ये नवा हिशेब दिला: एकूण १४,००६.७७ कोटी, त्यात विदर्भ ६६२४.०२ कोटी. वाटा ३९ वरून ४७ टक्क्यांवर गेला. विदर्भवाद्यांच्या मते हा पुरावाच झाला: तेरा वर्षे अनुशेष मान्य होता आणि तरी दरी रुंदावली. उलट बाजू म्हणते की किमती बदलल्या, निकष बदलले, सरासरी स्वतः वर सरकली. दोन आकडे शेजारी ठेवून लगेच अन्यायाचा निष्कर्ष काढू नये. दोन्हीत तथ्य आहे. मला स्वतःला विदर्भाचा वाटा वाढला ही बाब नुसत्या किमतींनी समजावता येत नाही असे वाटते, कारण किमती सर्वत्रच वाढल्या होत्या.

डिसेंबर २००१ मध्ये राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी निधिवाटपाचे बंधनकारक निर्देश दिले. त्यानंतर कागदावरचा आर्थिक अनुशेष हळूहळू भरत गेला. पण पैसे देणे आणि पाणी शेतात पोहोचणे यांत अंतर राहिले. सिंचनाचा भौतिक अनुशेष सर्वाधिक काळ चिकटून राहिला तो चार जिल्ह्यांत: अमरावती, अकोला, बुलढाणा आणि वाशीम. डॉ. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात अनुशेषाच्या जुन्या चौकटीपलीकडे जाऊन पाणी, शिक्षण, उद्योग यांचा एकत्र विचार सुचवला. तो विधिमंडळात मांडला गेला, चर्चा झाली, अंमलबजावणी अर्धवट राहिली. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला; आदेश काढण्याचा अधिकार मात्र राष्ट्रपतींचा.

कोण काय म्हणते

वेगळ्या राज्याच्या बाजूचे लोक तीन गोष्टी पुढे करतात. कोळसा, मँगनीज, जंगल आणि वीज आमच्याकडची, तिचा फायदा दुसरीकडे. राज्यकर्त्यांचे केंद्र दूर असल्याने कापूस आणि संत्रा यांच्या धोरणाला वाली नाही. शेतकरी आत्महत्यांनी २००६ मध्ये पंतप्रधानांना इथे यावे लागले आणि ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले, ते ज्या सहा जिल्ह्यांसाठी होते ते सगळे विदर्भातले. तिसरे, नागपूर करार पाळला गेला नाही. नागपूरचे हिवाळी अधिवेशन दोन-तीन आठवड्यांचा उपचार झाले आहे. त्या अधिवेशनाच्या वेळीच २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली. वर्षभरातून एकदाच दारात येणाऱ्या सरकारकडे लोक कसे धाव घेतात, याचे ते भीषण उदाहरण.

अखंड महाराष्ट्राची बाजूही तितकीच गंभीरपणे ऐकावी अशी आहे. भाषेच्या ऐक्यासाठी माणसे मेली आहेत. विदर्भाने मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, देवेंद्र फडणवीस असे मुख्यमंत्री दिले. त्यातले वसंतराव अकरा वर्षांहून अधिक काळ त्या खुर्चीवर होते आणि त्यांचे गहुली गाव ज्या पुसद तालुक्यात आहे तो एके काळी वाशीम जिल्ह्याचा भाग होता. मग अन्यायाचा दोष सगळा बाहेरच्यांचा कसा? मुंबईच्या महसुलाविना नव्या राज्याचा संसार तुटीत चालेल, हा त्यांचा आर्थिक मुद्दा. त्यावर विदर्भवाद्यांचे उत्तर असे की तूट ही धोरणाने निर्माण झालेली आहे, ती निसर्गाने लादलेली नाही. हा वाद आकड्यांनी मिटण्याजोगा आहे, पण खनिज, वीज, मुख्यालयाच्या पत्त्यावर जमा होणारा कर, हे सगळे कोणत्या प्रदेशाच्या खात्यावर लिहायचे यावरच एकमत नसल्याने तो मिटत नाही.

मधली बाजू कमी बोलते. तिचे म्हणणे: राज्य एक ठेवा, पण ३७१(२) खरोखर राबवा, मंडळांना अधिकार द्या, अकोला करारातली उपप्रांताची कल्पना नव्या रूपात बघा.

वाशीमच्या फाइलीचा प्रवास

आता जवळून पाहू. वाशीमच्या माणसाचे काम जिल्हाधिकारी कार्यालयात अडले की तो विभागीय आयुक्तांकडे अमरावतीला जातो. विद्यापीठही अमरावतीचे. कृषी विद्यापीठ अकोल्याचे. खटला उच्च न्यायालयात गेला तर नागपूर. सिंचन प्रकल्पाची फाइल नागपूरच्या विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळात, मंजुरी मुंबईत. आणि स्टेशनवर गाडी थांबत नाही अशी तक्रार करायची तर नांदेड, कारण अकोला-पूर्णा मार्ग दक्षिण मध्य रेल्वेत येतो आणि तिचे मुख्यालय सिकंदराबादला आहे. निजाम गेला, पण रेल्वेच्या बाबतीत वाशीमकर अजून त्याच दिशेला तोंड करून उभा आहे. लोकसभेलाही जिल्हा एकसंध नाही: रिसोड अकोल्यात, वाशीम आणि कारंजा यवतमाळ-वाशीममध्ये.

यात वेगळ्या विदर्भाने काय बदलेल? मुंबईची पायरी गळेल, नागपूरची पक्की होईल. वाशीमहून नागपूरही अडीचशे किलोमीटरच्या पुढे आहे. वऱ्हाडात दबक्या आवाजात जो प्रश्न विचारला जातो तो हाच: मिहान, मेट्रो, मोठी रुग्णालये, राष्ट्रीय संस्था सगळे नागपुरात, नव्या राज्यात आमची जागा उर्वरित विदर्भाची असेल का? नागपूरचे विदर्भवादी या प्रश्नाला फारसे भिडत नाहीत. १९३८ मध्ये वऱ्हाडी पुढारी ज्या तक्रारीने पेटले होते, ती याच शहरातून चालणाऱ्या कारभाराविरुद्ध होती, हे त्यांच्या लक्षात नसावे.

पाण्याचा प्रश्न तर राजधानीने सुटणारा नाही. वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. काटेपूर्णा इथल्या डोंगरात उगम पावते आणि तिचे पाणी महानच्या धरणात अडून अकोला शहर पिते. अडाण, अरुणावती पूर्वेला निघून जातात. उत्तरेकडचे ओढे तापीच्या खोऱ्यात, दक्षिणेकडचे गोदावरीच्या. नदी इथे लहान असते, मोठी होते ती पुढच्या जिल्ह्यात गेल्यावर. त्यामुळे मोठे धरण बांधायला जागा कमी आणि सोयाबीन-तुरीचे कोरडवाहू शिवार जास्त. अनुशेषाच्या सूत्रात अशा जिल्ह्याची उणीव दिसते, पण ती भरण्याचे साधन दिसत नाही. २०१८ मध्ये नीती आयोगाने महाराष्ट्रातले चार आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबादच्या (आजच्या धाराशिवच्या) जोडीने वाशीम होता. म्हणजे तिन्ही प्रदेशांतले मागास कोपरे एकमेकांना जास्त जवळचे आहेत.

काय ठरलेले नाही

पहिला उघडा प्रश्न ३७१(२) चा. मंडळांना फक्त अहवाल देण्याचा अधिकार की वाटपावर नियंत्रण, हे तीस वर्षांत ठरलेले नाही. दुसरा, हिशेबाचे एकक. जिल्हा धरला तर नागपूर जिल्ह्याची श्रीमंती काटोल-नरखेडच्या नावावर जमा होते. तालुका धरला तर वाशीम जिल्ह्यातले मानोरा आणि मालेगाव नीट दिसतात, पण राजकारणाला न झेपणारी यादी होते. तिसरा, नव्या राज्यात नागपूर विभाग आणि अमरावती विभाग यांच्यातल्या वाटपाची हमी काय? विदर्भवादी संघटनांपैकी कोणी अकोला करारासारखा लेखी मसुदा नागपूर आणि वऱ्हाड यांच्यात करायला तयार आहे का, हे विचारायला हरकत नाही. चौथा राजकीय. विदर्भाच्या विधानसभेतल्या जागा २००८ च्या पुनर्रचनेत ६६ वरून ६२ झाल्या. पुढच्या पुनर्रचनेत शहरी पट्ट्याच्या वाढीमुळे त्या आणखी घटल्या तर २८८ च्या सभागृहात आज आहे तेवढाही दबाव उरणार नाही, आणि तेव्हा मागणीला नवा जोर येईल की ती कायमची मावळेल, यावर अभ्यासकांत दोन मते आहेत.

एवढे मात्र म्हणता येते. वेगळे राज्य हवे की नको, यावर वाशीमचा माणूस दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. पण अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा या चार जिल्ह्यांच्या सिंचनाचा हिशेब आज मुंबईत अडला आहे. राजधानी नागपूरला आली तर तो तिथेही आधी मांडावा लागेल. त्यासाठी राज्य होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तालुकावार आकडे आजच मागता येतात, आणि जिल्ह्याच्या तिन्ही आमदारांनी ते पुढच्या नागपूर अधिवेशनात मागावेत.